दप्तर आणि चूल

राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना शिवाजी महाराजांच्या दप्तरातून गेलेले एक पत्र मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. रयतेच्या घरून दाणा, भाकर, लाकूड वा भाजी फुकट आणू नये, जे लागेल ते बाजारातून रोख विकत घ्यावे, ही त्यातील ताकीद आपण अभिमानाने सांगतो, आणि ती सांगण्याजोगी आहेच. त्याच पत्राचा पुढचा भाग मात्र सहसा कोणी आठवत नाही. पावसाळ्याची बेगमी म्हणून रचून ठेवलेल्या गवताजवळ कोणी चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढील, रात्री दिवा तसाच जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, एका गंजीस आग लागली की सगळा साठा भस्म होईल आणि मग घोडी उपाशी मरतील, अशा आशयाचा तो मजकूर आहे. विजेच्या दिव्याखेरीज ज्याने दुसरा दिवा पाहिला नाही, त्याला उंदराने वात का न्यावी हेच उमगत नाही. तेलात भिजलेली कापसाची वात हे उंदराचे खाद्य आहे, आणि गवती छपराखाली दोन-चार रात्री समईच्या उजेडात काढणाऱ्या कोणालाही ही गोष्ट पुस्तकावाचून कळते. पत्र लिहविणाऱ्याला ती कळत होती, कारण तो त्या उजेडात वाढला होता.

भूतकाळातील माणसे ज्या वस्तू हाताळीत त्या वस्तू त्यांच्याच रीतीने हाताळून, ते ज्या चुलीवर शिजवीत तिच्यावर शिजवून, जी वस्त्रे नेसत ती नेसून त्यांचे जीवन समजून घेण्याच्या या खटाटोपाला ‘जिवंत इतिहास’ असे म्हणतात. हौसेने पोशाख चढवून छायाचित्र काढून घेण्यापासून ते वर्षानुवर्षे चालणाऱ्या शास्त्रीय प्रयोगापर्यंत त्याचे अनेक प्रकार आहेत, आणि त्यांची प्रत एकसारखी नाही. युरोपात त्याचा उगम आगगाडी आणि कारखाने यांनी खेड्यांचे रूप पालटू लागल्यावर झाला. स्टॉकहोम येथे आर्तुर हाझेलियुस या गृहस्थाने स्वीडनच्या निरनिराळ्या प्रांतांतील जुनी घरे उचलून आणून १८९१ मध्ये ‘स्कान्सेन’ हे उघड्यावरचे संग्रहालय उभारले, आणि त्या घरांत त्या त्या प्रांतांच्या वेषातील, घरकामात मग्न अशी माणसे ठेवली. फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात गेडेलाँ या ठिकाणी १९९७ पासून एक किल्ला बांधला जात आहे. त्याचा नमुना तेराव्या शतकातला, दगड जवळच्याच खाणीतला, आणि वजन उचलण्याचे यंत्र म्हणजे माणसाने आत चालून फिरवावयाचे लाकडी चक्र. किल्ला पुरा होण्याची तेथे कोणाला घाई नाही, कारण दगडाचा प्रत्येक थर रचताना उपस्थित होणारा प्रश्न हेच त्या उद्योगाचे खरे उत्पन्न आहे.

या सर्वांत मला विशेष मोलाचा वाटतो तो इंग्लंडमधील बट्सर येथील प्रयोग. तेथे पीटर रेनल्ड्स या संशोधकाने १९७२ पासून लोहयुगातील शेतवाडी प्रत्यक्ष कसून पाहिली. त्या काळच्या वसाहतींत जमिनीत खोदलेले खोल खड्डे सापडत, आणि त्यांत धान्य साठवीत असावेत असा तर्क होता. तथापि ओल्या हवेच्या मुलखात जमिनीखाली धान्य टिकेल कसे, ही शंका राही. रेनल्ड्सने खड्डे भरले, तोंडे मातीने लिंपून बंद केली आणि हिवाळा सरल्यावर उघडली. कडेच्या दाण्यांना ओलीमुळे मोड आले होते. त्या मोडांनी आतला प्राणवायू शोषून घेतला, कर्बवायू भरून राहिला, आणि त्यामुळे कीड व बुरशी यांची वाढ खुंटून आतले धान्य पेरण्याइतके चांगले राहिले. हे सारे वाचताना मराठी माणसाला आपल्या पेवाची आठवण होणे अगदी स्वाभाविक आहे. पेव उघडल्यावर त्यात लगेच उतरू नये, आतल्या हवेने माणूस गुदमरून मरतो, हे आपल्याकडे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक असे. सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णाकाठच्या जमिनीत हळदीची पेवे पिढ्यान् पिढ्या वापरात होती, आणि त्यांतील पुष्कळशी महापुरांच्या पाण्याने अलीकडे निकामी झाली. तिकडच्या पंडितांना जे प्रयोगाने सिद्ध करावे लागले, ते आपल्याकडे चालू व्यवहारात होते. आपल्या देशातील जिवंत इतिहासाचा मार्ग यामुळेच निराळा असला पाहिजे, असे मला वाटते. युरोपात धागा तुटला आणि मग त्यांनी तो दप्तराच्या व उत्खननाच्या साहाय्याने सांधला. आपल्याकडे तो अनेक ठिकाणी अजून शाबूत आहे, आणि ज्यांच्या हातांत तो आहे ती माणसे हयात आहेत.

प्रथम वस्त्रांकडे वळू. उत्तर पेशवाईतील पोशाखाची साधने आपल्याकडे बरी आहेत. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९० नंतरच्या वर्षांत पुण्यास होता. सवाई माधवराव, नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांची त्याने काढलेली चित्रे सर्वश्रुत आहेत. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या गंगाराम चिंतामण तांबट या पुणेकर कलावंताने लेणी, पैलवान, इतकेच काय पण पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडादेखील कागदावर उतरविला. अशा चित्रांत अंगावरचा जामा किती पारदर्शक, त्याचा घेर किती, शेल्याची गाठ कोठे, हे बारकाईने पाहता येते. जाम्याचे बंद कोणत्या कुशीखाली बांधले आहेत हेसुद्धा पाहण्यासारखे असते; हिंदूंनी डावीकडे आणि मुसलमानांनी उजवीकडे बंद बांधण्याचा संकेत मोगल दरबारापासून रूढ होता, आणि ऐतिहासिक नाटक-चित्रपटांचे पोशाख बेतणाऱ्यांकडून नेमकी हीच गोष्ट पुष्कळदा निसटते. तसा जामा आज शिवावयाचा तर तलम हातमागाचे कापड हवे, कळ्या हाताने जोडावयास हव्यात, आणि गुंडीऐवजी बंद हवेत. तो अंगात घातल्यावर चालण्याची, बसण्याची, जिना चढण्याची ढबच बदलते. खाली बसताना घेर सावरून घ्यावा लागतो, हात वर उचलताना बंदांवर ताण येतो, आणि दरबारी माणसाच्या हालचालीतील जो संथपणा आपण केवळ स्वभावाचा समजतो त्यात वस्त्राचाही वाटा असल्याचे अंगाला कळते.

परंतु चित्रातून जे कळत नाही ते रंगाचे मर्म, आणि येथे थोडे थांबले पाहिजे. १८५६ मध्ये पर्किन या इंग्रज रसायनज्ञाच्या हाती पहिला कृत्रिम जांभळा रंग लागला, १८६८ मध्ये मंजिष्ठेचा लाल प्रयोगशाळेत तयार झाला आणि १८९७ मध्ये कारखान्यातली नीळ बाजारात आली. त्यापूर्वीचे प्रत्येक रंगीत वस्त्र हे झाडपाला, साली, मुळ्या आणि लाखेचे किडे यांच्या जिवावर रंगलेले होते. सुती कापड तसे हट्टी असते, रंग सहजासहजी धरीत नाही. ते आधी धुऊन, खळ काढून, हिरड्याच्या पाण्यात बुडवावयाचे. त्यावर तुरटीचा हात द्यावयाचा. मग मंजिष्ठेच्या काढ्यात मंद आचेवर उकळावयाचे, तेव्हा तो तांबडा चढतो. त्याच हिरड्यावर तुरटीऐवजी लोखंडाचे आंबवलेले पाणी पडले तर कापड काळे होते. कुसुंबी रंगाची तऱ्हा आणखी नाजूक. करडईच्या फुलांत पिवळा आणि तांबडा असे दोन रंग असतात. पिवळा गार पाण्यात धुऊन काढून टाकावयाचा, मग सज्जीखार घालून फुले मळावयाची म्हणजे तांबडा सुटतो, आणि शेवटी लिंबाची किंवा चिंचेची आंबट धार पडताच तो कापडावर बसतो. इतके करूनही तो उन्हात विटतो आणि धुण्यात जातो, म्हणून सणासुदीला वस्त्र पुन्हा रंगवून घेण्याचा प्रघात होता.

निळीची गोष्ट याहून विलक्षण आहे. नीळ पाण्यात विरघळतच नाही. माठात क्षार आणि आंबवण घालून, उबदार जागी ठेवून, निळारी तिला आंबवीत असे. माठ ‘आला’ की नाही हे तो वासावरून आणि वरच्या तवंगावरून ओळखी. त्यात बुडवून काढलेले कापड प्रथम पिवळट हिरवे दिसते, आणि वारा लागताच पाहणाऱ्याच्या देखत निळे होत जाते. हिरवा रंग तर एका वनस्पतीपासून मिळणे कठीण. आधी निळीत बुडवावयाचे आणि मग डाळिंबाच्या सालीच्या किंवा हळदीच्या पिवळ्यात. म्हणजे जुन्या चित्रातील हिरवा शालू हा दोन कारागिरांच्या दोन निराळ्या विद्यांचा संगम असे. अशी एकदा स्वतः हाताने बुडवणी केली म्हणजे मग जामदारखान्याच्या यादीत नुसता रंगाचा उल्लेख वाचला तरी त्यामागचे पाणी, सरपण, दिवस आणि निळे पडलेले कोपर डोळ्यांपुढे उभे राहतात. बखरकारांनी त्या कोपरांची दखल घेतली नाही.

नऊवारी लुगड्याविषयी एकच सांगतो. आजकाल सणासाठी ते शिवून मिळते, आणि ज्या मुलीला नेसता येत नाही तिची त्यामुळे सोय होते, हे खरे. परंतु नऊ वार कापड कोठेही सुई न लावता असे नेसावयाचे की त्यात शेतात वाकता यावे, जात्यावर बसता यावे आणि घोड्यावर मांड टाकता यावी, ही विद्या कापडात नसून बोटांत आहे. ती आजीकडून नातीकडे गेली तरच जाते. घराघरांत सत्तरी ओलांडलेल्या ज्या बायका अजून रोज लुगडे नेसतात, त्यांच्या निऱ्यांची, काष्ट्याची, प्रांतोप्रांतीच्या नेसणीतील फरकांची पद्धतशीर नोंद करून घेणे हे काम कोणत्याही बखरीच्या संपादनाइतक्याच योग्यतेचे आहे.

अन्नाकडे आले म्हणजे पहिला धक्का बसतो तो उपवासाच्या पानावर. साबूदाण्याची खिचडी आपल्याला सनातन वाटते. पण तिच्यातला साबूदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही चारही अमेरिका खंडाची अपत्ये असून सोळाव्या शतकापासून पुढे, समुद्रमार्गे, वेगवेगळ्या वेळी इकडे आलेली आहेत. टोमॅटो, पेरू, पपई, काजू, लाल भोपळा हीही त्याच खंडातली. म्हणून जुने जेवण रांधावयाचे तर प्रथम साल ठरवावे लागते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात इडलीचा पूर्वज आहे, पण तो निव्वळ उडदाचा, तांदळावाचून. वडे आहेत, मांडे आहेत, मांसाचे नाना प्रकार आहेत, आणि तिखटपणासाठी मिरी व आले आहे. मिरची अर्थातच नाही. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्ते या मराठी पंडिताने ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्याला तंजावरच्या भोसल्यांच्या घराण्याचा आश्रय होता. पुण्याचे व्यासंगी परशुराम कृष्ण गोडे यांनी या ग्रंथाकडे आणि एकूणच हरभरा, जिलबी, मका अशा नित्याच्या जिनसांच्या इतिहासाकडे विद्वानांचे लक्ष वेधले, हे त्यांचे ऋण आपण पुरेसे मानलेले नाही.

पदार्थ कोणता हे ठरल्यावर तो आला कोठून, हा प्रश्न येतो, आणि तेथे स्वयंपाकघर थेट राज्यकारभाराला जाऊन भिडते. साधे मीठ घ्या. १६७१ मध्ये महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदारास लिहिले की, पोर्तुगीजांच्या बारदेशातील मीठ स्वस्त पडते म्हणून व्यापारी तिकडे वळतील आणि आपल्या मुलखातील मिठागरे बुडतील. यास्तव त्या मिठावर जकात बसवून ते महाग पडेल अशी तजवीज करावी. घाटावरच्या भाकरीतील चिमूटभर मीठ या जकातीतून, बैलांच्या तांड्यांच्या पाठीवरून, घाटचौक्या ओलांडून येत असे. मांसाच्या बाबतीत जॉन फ्रायर या इंग्रज प्रवाशाने राज्याभिषेकाच्या वेळची एक हकिकत नोंदवून ठेवली आहे. हेन्री ऑक्झेंडन हा वकील १६७४ मध्ये आपल्या माणसांसह रायगडावर राहिला असता त्यांना बकऱ्याचे मांस पुरविणारा म्हातारा खाटीक, इतके मांस खाणारी ही माणसे तरी कोण, म्हणून त्यांना मुद्दाम पाहावयास आला. एरवी वर्षानुवर्षांत खपले नसते इतके मांस त्यांनी थोड्या दिवसांत खपविले होते. राजधानीच्या गडावरही मांस हा नित्याचा पदार्थ नव्हता, याचा यापेक्षा बोलका पुरावा क्वचितच मिळेल.

पेशवाईतील पंक्तींचा थाट हा आपल्या लेखकांचा आवडीचा विषय. डावीकडे चटण्या-कोशिंबिरी, उजवीकडे भाज्या, वर मीठ-लिंबू, मधोमध भाताची मूद, भोवती रांगोळी, ही मांडणी आजही लग्नकार्यात टिकून आहे आणि ती देखणी आहे. परंतु तो थाट पुन्हा उभा करणाऱ्याने पंक्तीच्या मागल्या बाजूलाही जागा दिली पाहिजे. विहिरीवरून पाणी शेंदणारे पाणके, भल्या पहाटेपासून जात्यावर बसलेल्या आणि उखळात तांदूळ सडणाऱ्या बायका, सोवळ्याची धाबळी नेसून धुरात उभ्या असलेल्या सुवासिनी व विधवा, शेवटच्या पंक्तीपर्यंत उपाशी राहणारे घर, आणि ज्यांना त्या वाड्याच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकण्याची मुभाच नव्हती अशी गावकुसाबाहेरची माणसे: ही सारी त्या जेवणाचाच भाग होती. त्यांना वगळून काढलेली पंक्ती सुंदर दिसेल, पण ती खरी असणार नाही.

चुलीपाशी बसल्यावर लहानसहान अडचणी जे शिकवितात ते ग्रंथ शिकवीत नाहीत. शेर गावोगाव निराळा, आणि धान्याचा मापी शेर तुपाच्या वजनी शेराहून वेगळा. वेळ घटिकेने मोजावयाची, म्हणजे आपल्या चोवीस मिनिटांनी, आणि तीही एरवी अंदाजानेच. मुख्य चुलीवर भात, शेजारच्या वैलावर वरण, निखाऱ्यावर दूध, अशी एकाच सरपणाची तीन कामे. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली असेल तर त्यात ठेवलेले ताक कळकते, कडू-तुरट होते, आणि पोटात मळमळू लागते. म्हणून कल्हईवाला हा जुन्या गृहव्यवस्थेचा वैद्याइतकाच गरजेचा माणूस. भांडे तापवून, नवसागराची चिमूट टाकून, कथलाची कांडी टेकवून, कापसाच्या बोळ्याने एका फेऱ्यात आतली बाजू तो चांदीसारखी करतो; हे दृश्य आमच्या पिढीने दारात पाहिले. आज तो शहरात शोधून काढावा लागतो. पुण्याच्या केळकर संग्रहालयात जुनी भांडी, दिवे, अडकित्ते अप्रतिम आहेत, आणि दिनकर केळकरांनी ते जमविण्यात आपले आयुष्य वेचले. त्या भांड्यांसमोर एखादा कल्हईवाला आठवड्यातून एकदा बसता झाला, तर काचेआडचे तांबे बोलू लागेल.

आपल्याकडे इतिहास जागता ठेवण्याची हौस कमी आहे असे मुळीच नाही. दिवाळीत दारोदारी पोरे मातीचे किल्ले करतात, बुरूज लिंपतात, तटावर हळीव पेरतात. कोल्हापुरात मर्दानी खेळाचे आखाडे आहेत. रायगडावर दरवर्षी राज्याभिषेकाचा सोहळा होतो. मात्र या साऱ्यांत तलवार आहे, सिंहासन आहे. मुदपाकखाना, आबदारखाना आणि जामदारखाना हे अठरा कारखान्यांतले तीन कारखाने नाहीत. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी रुमालांचे ढीग आहेत; त्यांतून गोविंद सखाराम सरदेसाई यांनी निवडलेले पंचेचाळीस खंड १९३० नंतर प्रसिद्ध झाले. त्यांत आणि न छापलेल्या रुमालांत कोठीचे जिन्नस, कापडाचे भाव, आचाऱ्यांची नेमणूक असा मजकूर विखुरलेला आहे. मोडी वाचणारा तरुण आणि चूल पेटविणारी अनुभवी स्त्री ही दोघे एकत्र बसली, तर त्या मजकुराचा अर्थ लागेल. एकटा कोणीही तो लावू शकणार नाही.

याचे सर्वांत उत्तम उदाहरण मांड्याचे. सोमेश्वराच्या ग्रंथातला ‘मंडक’ तो हाच. ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताबाईने मांडे भाजल्याची कथा प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. आणि खानदेशात तो खापराची पुरणपोळी म्हणून आजही होतो. तेथे मी तो होताना पाहिला आहे. गव्हाच्या सपिठाची कणीक तेल-पाणी लावून इतकी तिंबावयाची की ती ओढली असता तुटू नये. पुरण भरलेला गोळा दोन्ही तळव्यांवर थापून, मग हातांच्या कोपरापर्यंतच्या भागावर झुलवीत झुलवीत, पोळपाट-लाटण्यावाचून, आरपार दिसेल इतका पातळ करावयाचा, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर एका झोकात पसरावयाचा. करणारी बाई बोलत नव्हती; तिचे सारे लक्ष खापराच्या तापाकडे होते. थोडे पाणी शिंपडून ती तो ताप जोखी, आणि पोळी टाकल्याबरोबर कड सुटते का ते पाही. जुन्या ग्रंथात न लिहिलेले सगळे काही त्या दोन कोपरांत होते.

परंतु ते खापर घडविणारे कुंभार आता थोडे उरले आहेत. त्याला कोणती माती चालते, तिच्यात राख वा लीद किती घालतात, फुगवटा किती ठेवतात, भाजल्यावर तडा का जातो, पहिल्यांदा वापरण्यापूर्वी ते कसे मुरवावे लागते, याची तपशीलवार नोंद कुंभाराच्या तोंडून, त्याच्या चाकापाशी बसून आणि त्याला त्याच्या वेळेचा पुरेसा मोबदला देऊन, जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांनी येत्या उन्हाळ्यातच करावयास घ्यावी. पावसाळा लागला की माती ओली होते आणि भट्टी बंद राहते.